किशोरांसाठी संगीत मासिक काढतोय: वाचक नक्की कोण आणि अंक दिसावा कसा?

तालमात्रा

मंडळी, नमस्कार. आम्ही मास मीडियाचे पाच विद्यार्थी मिळून किशोरवयीन वाचकांसाठी संगीताचं छापील मासिक काढायच्या विचारात आहोत. आधी एकच नमुना अंक, ३२ पानं, मधोमध पिन. अभ्यासक्रमाला मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि दोन पानी मुलाखत एवढंच पुरलं असतं, पण हात घातलाच आहे तर अख्खा अंक करू असं ठरलं.

आतापर्यंतचा बेत असा: वाचक १३ ते १९ वयाचे, मुलगे-मुली दोन्ही, सगळ्या प्रकारचं संगीत आवडणारे. मुखपृष्ठ काळं, त्यावर निऑन गुलाबी आणि निऑन हिरवा. आत मुलाखती, अल्बमची परीक्षणं, टॉप टेन, गाण्यांचे बोल, प्रश्नमंजुषा, मधल्या पानांवर पोस्टर. भाषा मुलांची, म्हणजे सध्या चालू असलेली.

वाचकवर्ग नीट ठरलाय का, आणि हे रूप बघून कुणी अंक हातात घेईल का? जाणकारांनी फोडून काढावं. राग येणार नाही.

खडूस_समीक्षक

परवानगी दिलीच आहेस तर ऐक. "१३ ते १९, सगळ्या प्रकारचं संगीत" हा वाचकवर्ग नाही, ही जनगणना झाली. तेराव्या वर्षी आवडत्या गायकाच्या कुत्र्याचं नाव माहीत हवं असतं. एकोणिसाव्या वर्षी तोच गायक "विकला गेला" म्हणून त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं असतं. या दोघांना एकाच मुखपृष्ठाखाली बसवायला निघालास तर दोघंही उठून जातील.

आणि मुळात छापील कशाला? एनएमई हे ब्रिटनचं संगीत साप्ताहिक १९५२ पासून चालू होतं. २०१५ मध्ये फुकट वाटायला लागले आणि २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद केलं. स्मॅश हिट्स हे तिथलंच किशोरांचं पॉप पाक्षिक तर २००६ मध्येच गेलं. मोठमोठ्यांचा तंबू उठला तिथे तुम्ही पाच जण कोणता खांब रोवणार?

पानोपानी

खडूसराव, पहिला मुद्दा मान्य, दुसरा अर्धाच.

स्मॅश हिट्स १९७८ मध्ये निघालं तेव्हा त्याचा कणा होता गाण्यांचे बोल. रेडिओवर ऐकलेलं गाणं पाठ करायचं तर शब्द मिळायचे कुठून? रेकॉर्ड विकत घ्या, नाहीतर हे पाक्षिक घ्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याचा खप दहा लाखांच्या आसपास गेला होता, त्यामागे हे साधं काम होतं. आज तेच काम फोन करतो, गाण्याच्या चालीबरोबर ओळी सरकवत. मासिकांना फोनने मारलं म्हणतात ते या अर्थाने खरं आहे, कागदाला मारलं या अर्थाने नाही.

म्हणून तालमात्रा, यादीतल्या प्रत्येक सदराला एकच प्रश्न विचार: हे फोनला जमतं का? बोल जमतात. टॉप टेन जमतं, आणि तुमचा अंक छापून येईपर्यंत ते शिळंही झालेलं असेल. परीक्षणं जमतात. पोस्टर जमत नाही. पेनाने भरायचं पान, कापून वहीत चिकटवायची वस्तू, वर्गात बाकाखालून पुढे सरकवायचा अंक, यातलं काही फोनला जमत नाही. जर्मनीच्या ब्रावो या किशोरांच्या नियतकालिकाने १९५९ पासून ताऱ्यांची पूर्ण उंचीची पोस्टरं तुकड्यातुकड्यांनी छापली. एका अंकात पाय, पुढच्यात गुडघे. डोकं येईपर्यंत वाचक सुटेल कसा? आजही कोरियन पॉपच्या अल्बममध्ये फोटोकार्डं निघतात आणि गाणी फुकट ऐकता येत असताना पोरं त्या कार्डांसाठी सीडी घेतात.

बोल काढाच, हे वेगळ्या कारणानेही सांगतोय. ते छापायला हक्कधारकाची परवानगी लागते. विद्यार्थी आहोत हे उत्तर चालत नाही.

नववीची_आई

पानोपानींना +१.

माझ्या लेकीच्या कपाटाच्या दाराची आतली बाजू बघा एकदा. कार्डं, तिकिटाचे अर्धुक, मैत्रिणीने काढलेलं चित्र, आणि मधोमध एका गाण्याच्या चार ओळी जेल पेनाने, अक्षर वळणदार करून लिहिलेल्या. बोल फोनवर आहेत हे तिलाही माहीत आहे. तरी लिहिले. बाहेरच्या बाजूला काही नाही हं, बाहेरची बाजू आमच्यासाठी.

तेव्हा बोल छापू नका, पण ते लिहायला एखादं सुंदर कोरं पान द्या.

तालमात्रा

सर्वांचे आभार. वाचकवर्गासाठी आम्ही ऑनलाइन फॉर्म फिरवला होता. "कोणतं संगीत आवडतं?" याला बहुतेकांनी "सगळं" म्हटलं, म्हणून तसं लिहिलं. आता तो फॉर्म निरुपयोगी वाटतोय. मग विचारायचं काय?

कोमलऋषभ

मी या वयाच्या मुलांना गाणं शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

"काय आवडतं" असं कधीच विचारू नये. त्या वयात आवड ही ओळख असते आणि अनोळखी माणसाला कुणी आपली ओळख फॉर्मवर भरून देत नाही. "सगळं" म्हणजे "तुम्हाला काय करायचंय" याचं सभ्य रूप. त्याऐवजी कृती विचार. शेवटचं गाणं कुणाला पाठवलंस, आणि का? कोणतं गाणं दुसऱ्यांसमोर लावायला लाज वाटते? कोणत्या गाण्यावरून भांडण झालं? एकेकट्याला विचार. घोळक्यात सगळे जण घोळक्यातल्या दादाचं उत्तर देतात.

दुसरं, प्रकारावरून गट पाडू नकोस. रॉकवाले, हिपहॉपवाले असे कप्पे आमच्या पिढीत होते, कारण कॅसेट विकत घ्यायची तर निवड करावी लागायची. आताच्या मुलांच्या याद्या मनःस्थितीवर असतात. अभ्यासाची, रडायची, बसमधली. एकाच यादीत ठुमरी आणि मेटल शेजारी बसलेले मी पाहिलेत. त्यांच्या दृष्टीने त्यात विसंगती काहीच नसते.

मला दिसतात ते गट वेगळे आहेत. काही जण एखाद्या कलाकाराच्या मागे असतात, त्याचं सगळं गोळा करतात. काहींना स्वतः वाजवायचं असतं. काहींना फक्त वाद घालायचा असतो, कोण भारी यावरून, आणि ते फार मन लावून घालतात. यातल्या एकाला मुख्य धर आणि दुसऱ्याला पाहुणा म्हणून बोलाव.

वयाचं म्हणशील तर १४ ते १६. तेरा वर्षांचा वाचक आपोआप येतो, कारण त्याला मोठ्यांचं वाचायचं असतं. सतरा-अठराच्याला तू कितीही बोलावलंस तरी "किशोर" हा शब्द दिसला की तो येणार नाही.

अवांतर: तुमच्या अभ्यासक्रमात कॅट्झ आणि ब्लमलर हे माध्यम-संशोधक असतीलच. माहिती, ओळख, नाती, विरंगुळा, अशा गरजांसाठी माणूस माध्यम वापरतो वगैरे. परीक्षेत लिहायला छान आहे. अंक आखताना मात्र प्रत्येक पान या चारपैकी एकीत बसवता येतं, त्यामुळे कोणतं पान काढायचं हे त्यातून कधीच कळत नाही.

ओवी१६

नमस्कार, मी १६ वर्षांची आहे. या धाग्यावर बहुतेक मी एकटीच.

१) प्लीज आमच्या भाषेत लिहू नका. मोठी माणसं आमचे शब्द वापरतात तेव्हा कसंतरीच होतं. तुमच्यापर्यंत शब्द पोचला याचा अर्थ आम्ही तो सोडून महिना झालेला असतो.
२) पोस्टरच्या मागे चांगलं काही छापू नका!! लहानपणी माझ्याकडे एक मासिक यायचं, त्यात पोस्टरच्या मागे नेमकी मुलाखत असायची. भिंतीवर लावू की वाचू?
३) "मुलींसाठी" म्हणून लिपस्टिकची पानं नकोत. मी ड्रम वाजवते.
४) मुलाखतीत तेच ते प्रश्न नकोत. प्रेरणा कुठून मिळाली वगैरे. प्रेरणा काय, सगळ्यांना आईकडूनच मिळते.

खडूस_समीक्षक

चौथ्या मुद्द्यावर उभं राहून टाळ्या.

पहिल्यावर थोडं बोलतो, कारण स्मॅश हिट्सचा दाखला इथे उलटा लागू होतो. त्यांनी मुलांची भाषा उचलली नव्हती, स्वतःची एक खट्याळ भाषा तयार केली आणि मुलं ती बोलायला लागली. ताऱ्यांना टोपणनावं, मुलाखतीत बिनबुडाचे प्रश्न. पुढे पेट शॉप बॉइज या पॉप जोडीचा गायक म्हणून गाजलेला नील टेनंट तिथलाच उपसंपादक. १९९६ मध्ये स्पाइस गर्ल्सची जगभर गाजलेली पाच टोपणनावं टॉप ऑफ द पॉप्स मासिकाच्या कचेरीत पडली, ती काही रस्त्यावरून उचलली नव्हती. तेव्हा पोरांची नक्कल करू नका, त्यांना उचलावंसं वाटेल असं काहीतरी स्वतः बोला. अर्थात त्याला अक्कल लागते, फॉर्म फिरवून ती येत नाही.

शाईवाला

छपाईच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून राहवत नाही. तालमात्रा, तुला अरेतुरे करतो, चालेल ना?

आधी निऑन. पडद्यावर दिसतो तो निऑन चार रंगांच्या छपाईत येत नाही. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा यांच्या मिश्रणातून तो झगमगाट निघतच नाही, गुलाबी मळका होतो आणि हिरवा पालापाचोळ्यावर जातो. खरा निऑन हवा तर पाचवी, खास शाई लागते. तिचा खर्च वेगळा, तिची प्लेट वेगळी. माझं ऐकशील तर एकच निऑन घे, आणि तोही फक्त मुखपृष्ठावर.

काळं मुखपृष्ठ: मॅट लॅमिनेशन केलंस तर बोटांचे ठसे आणि ओरखडे पहिल्या दिवसापासून दिसतील. शिवाय चार शाया एकावर एक चढवून केलेल्या गडद काळ्यात बारीक पांढरी अक्षरं कोरलीस आणि प्लेट केसभर हलली, की अनुस्वार बुजतो, रफार बुजतो. मग "संगीत"चं "सगीत" झालं म्हणून छापखान्याला शिव्या. काळ्यावर पांढरं ठेवायचं तर जाड आणि मोठं ठेव.

आता पोस्टर. ओवीबाळाने लाखातली गोष्ट सांगितली. ३२ पानी, मधल्या पिनेच्या अंकात १६-१७ ही एकमेव जोडी, जी एकाच कागदावर सलग छापली जाते. बाकी दोन पानी चित्रं दोन वेगळ्या कागदांवर अर्धी अर्धी येतात आणि जोडावर चेहरा असेल तर नाक सरकतं. म्हणून पोस्टर मध्यातच. पण त्या कागदाची पाठ म्हणजे पान १५ आणि पान १८. पोस्टर काढलं की ती दोन्ही गेली. १४ वर सुरू झालेला लेख १५ वर संपवलास तर वाचकाच्या हातात शेपूट तुटलेला लेख राहतो. तिथे जाहिरात टाक, नाहीतर दुसरं, साधं पोस्टर.

पानसंख्या चारच्या पटीत लागते हे माहीत असेलच. फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांच्या, हिशोबाने ३२ चांगली आहेत, ३६ करायचा मोह टाळ.

कागद: चकचकीत आर्ट पेपरवर फोटो छान येतात, पण त्यावर जेल पेनाने लिहिलं तर शाई पसरते. नववीच्या आईंनी सांगितलेलं कोरं पान आणि तुझी प्रश्नमंजुषा मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, घ्यावी लागेल. सगळा आतला अंकच मॅपलिथोवर घे. फोटो किंचित दबतात, पण लिहिता येतं आणि दिव्याखाली पान चमकत नाही. आणि प्रत्येक रंगीत कडेला ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोड, नाहीतर कापताना पांढरी रेघ दिसते.

पानोपानी

शाईवाले काकांनी माझं अर्धं काम केलं. उरलेलं मांडणीबद्दल.

मुखपृष्ठावरची मुख्य वाक्यं डाव्या बाजूला ठेवावीत, कारण दुकानाच्या फळीवर अंक एकमेकांवर चढतात आणि डावी पट्टीच दिसते, हा नियम तुम्हाला पुस्तकात सापडेल. तुमचा अंक हातोहात जाणार असेल तर तो विसरा. तुमचं मुखपृष्ठ आधी कुणाच्या तरी फोनवर अंगठ्याएवढं दिसणार आहे. तेवढं छोटं करून बघा. नाव आणि चेहरा ओळखू येत नसतील तर मजकूर कमी करा. सात-आठ ओळी कोंबण्यापेक्षा एक प्रश्न टाका, ज्यावर वाद होईल.

देवनागरीचं एक सांगतो, कारण पाश्चात्त्य मासिकं समोर ठेवून काम करणारे इथे हमखास फसतात. त्यांचे मथळे मोठ्या लिपीतली अक्षरं लांब लांब पसरून बसवलेले असतात. आपल्याकडे अक्षरं ताणली की शिरोरेषा तुटते आणि मथळा दातपडका दिसतो. आपल्याकडे कॅपिटलही नाही, त्यामुळे मथळा, उपमथळा, मजकूर यातला फरक जाडी, आकार आणि रंग यांनीच दाखवायचा. म्हणून असा टंक घ्या ज्याला भरपूर जाड्या आहेत. मुक्ताला सात आहेत आणि तो मुक्त परवान्यावर मिळतो. मथळ्यांना बलू छान, गुबगुबीत आहे पण बाळबोध नाही. ओळींमधलं अंतर सढळ ठेवा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू केली नाही तर जोडाक्षरं फुटतात, आणि ते प्रूफ वाचेपर्यंत लक्षात येत नाही.

गॅरेजबँड

मला हे सगळं फार गुळगुळीत वाटतंय. संगीताचं मासिक थोडं अंगावर यायला नको? रे गन या अमेरिकी संगीत मासिकात मांडणीकार डेव्हिड कार्सनने १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरीची अख्खी मुलाखत चिन्हांच्या टंकात छापली, झॅफ डिंगबॅट्समध्ये, कारण त्याला ती कंटाळवाणी वाटली. वाचता येत नाही? नका वाचू! पंकच्या काळात तर पोरं झेरॉक्सवर अंक काढायची. १९७७ च्या साइडबर्न्स या अशाच हौशी अंकात तीन कॉर्डची (गिटारवर एकत्र वाजवायच्या सुरांची) हाताने काढलेली चित्रं होती आणि खाली सांगणं एवढंच की आता बँड काढा. त्या एका चित्रातून किती बँड निघाले असतील!

पानोपानी

त्याच मुलाखतीचा वाचता येणारा मजकूर अंकाच्या मागच्या भागात छापला होता, हे मात्र सांगायचं राहिलं तुमचं. :)

गंमत बाजूला. तीन कॉर्डचं पान घ्याच, ते पंधरा वर्षांच्या वाचकाला थेट काहीतरी करायला लावतं. पण रे गनचा वाचक टंकांशी खेळ कळणारा होता. चौदा वर्षांच्या मुलाला पान वाचता आलं नाही तर त्याला बंडखोरी दिसत नाही, "हे आपल्यासाठी नाही" एवढंच कळतं.

गॅरेजबँड

मान्य, पण अर्धंच. एक तरी पान असं ठेवा जे मोठ्यांना वाचता येणार नाही.

मुलाखतीसाठी मोठ्या ताऱ्यांच्या मागे लागू नका. मिळणार नाहीत, आणि मिळाले तर त्यांचा माणूस शेजारी बसून उत्तरं तपासेल. जे बँड अजून कुणाच्या तरी घरातल्या खोलीत वाजवतात ते दोन तास बोलतात, फोटो स्वतः काढू देतात, म्हणजे फोटोच्या हक्काची कटकट नाही. इंटरनेटवरून उचललेला एकही फोटो नको.

आणि क्यूआर कोड टाकणार असाल तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, पांढऱ्यावर काळा आणि भोवती रिकामी जागा. दुवा स्वतःच्या पानावर न्या आणि तिथून गाण्यांच्या यादीकडे. यादीचा पत्ता बदलला तर छापलेला कोड कसा बदलणार?

नववीची_आई

एक काळजीचा मुद्दा, कुणी काढला नाही म्हणून. वाचक अल्पवयीन आहेत. पत्रांखाली फक्त पहिलं नाव आणि वय छापा, शाळा-पत्ता काही नको. त्या वयाच्या कलाकाराची मुलाखत असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. आणि "मनातलं विचारा" असं सदर सुचलं असेल तर जपून. ब्रावोमध्ये १९६९ पासून डॉक्टर सोमर या नावाने उत्तरं दिली जायची, ती प्रत्यक्षात मार्टिन गोल्डस्टाइन नावाचे डॉक्टर द्यायचे. टोपणनाव चालतं, मागे माणूस खरा जाणकार लागतो. तुम्ही पाच विद्यार्थ्यांनी कुणाच्या खऱ्या दुःखाला उत्तर देऊ नये.

कोमलऋषभ

अगदी. शिवाय मुलांकडून लिहून घेता येईल. टॅव्ही गेव्हिन्सनने २०११ मध्ये रूकी हे ऑनलाइन मासिक काढलं तेव्हा ती स्वतः पंधराची होती. लेख दिवसातून तीनदा यायचे: शाळा सुटल्यावर, जेवणाच्या सुमारास आणि रात्री उशिरा. वाचक कोण हे त्या वेळापत्रकातच दिसतं. तुमच्या संपादक मंडळात चौदा ते सोळाचं कुणीच नाही, हे मला पहिल्यापासून खटकतंय.

तालमात्रा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चर्चा करून बेत बदलला, तो सांगतो.

वाचक १४ ते १६, त्यातही ज्यांना स्वतः काही वाजवायचं, गायचं, लिहायचं आहे ते मुख्य. वाद घालणारे पाहुणे. कलाकारांचं सगळं गोळा करणाऱ्यांसाठी पोस्टर आणि कापायची कार्डं, तेवढंच. बोल, टॉप टेन, परीक्षणं गेली. परीक्षणांच्या जागी एकाच गाण्यावर दोन वाचकांचं भांडण, समोरासमोरच्या पानांवर. तीन कॉर्डचं पान, कोरं पान आणि एका घरगुती बँडची मुलाखत आली. आतला कागद मॅपलिथो. मुखपृष्ठाची पार्श्वभूमी पांढरी, एकच निऑन, गुलाबी नव्हे तर केशरी. पान १५ वर जाहिरात, १८ वर साधं पोस्टर.

गॅरेजबँड, मोठ्यांना न वाचता येणारं पानही ठेवतोय. कसं करायचं ते अजून सुचलेलं नाही.

ओवी, तुला संपादक मंडळात यायला आवडेल का? आईबाबांना विचारून सांग.

ओवी१६

विचारते. पण मुलाखतीचे प्रश्न मी काढणार. आणि ते पान आम्ही करू, तुम्हाला दाखवणार नाही.

खडूस_समीक्षक

मंडळात घेतलंत ना, आता भोगा.

भांडणाची दोन पानं समोरासमोर म्हणतोस, ती डमीत, म्हणजे अंकाच्या कच्च्या नमुन्यात, कुठे टाकलीस? १४-१५ वर असतील तर १५ वरची बाजू भिंतीमागे जाईल.

शाईवाला

खडूसराव, बरोबर पकडलंत, पण १५ वर त्याने जाहिरात सांगितली आहे, तेव्हा तिथे नसणार. तालमात्रा, भांडण ८-९ वर घे. आणि डमी नुसती पडद्यावर नको. आठ कोरे कागद घे, एकात एक घालून मध्ये दुमड, पेन्सिलने पानांचे आकडे टाक. मग मधला कागद उपसून बघ काय काय जातंय. झालं की फोटो इथेच टाक.